नऊ नंबरचा ओरखडा

३ सप्टेंबर

ताई,

पाकीट पोचलं. कोपरा दुमडलेला नाही, ओल नाही, बाराच्या बारा फोटो धड आहेत. टपालवाल्याला दारातच उभं करून मी पाकीट फोडलं, मोजून घेतलं आणि मग सही केली. तो म्हणाला, "बाई, मला अजून चाळीस घरं आहेत." म्हटलं, "मग बोलण्यात वेळ कशाला घालवता?"

आधी कामाचं. तुम्ही म्हणालात तसं प्रत्येक फोटोच्या पाठीला पातळ सुती कापड चिकटवते आणि मग पुठ्ठा लावते, म्हणजे कडा वर वळायच्या नाहीत. तुमच्या फोटोंच्या प्रदर्शनासाठी वाचनालयात जाऊन आले. जिन्यासमोरची भिंत तुमची. उजेड डावीकडून येतो. ग्रंथपाल इतकं हळू बोलतात की मला तीनदा "काय?" म्हणावं लागलं, आणि तिन्ही वेळा तेच घाबरले. १० ऑक्टोबरला लावायचे, आठ दिवस राहतील. भिंत हिरवट होती. तुमचे डोंगर आजारी दिसले असते. पांढरा रंग मारा म्हणून सांगून आलेय.

आता फोटोंचं. बावीस वर्षं तुम्ही दर सुट्टीला ती कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावून निघून जाता, आणि घरात सगळे म्हणतात, ताईंचं खूळ. मीही म्हणायचे. तुम्ही मला कधी काही दाखवलंच नाहीत, तर मी काय म्हणणार? काल रफूच्या दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बाराही फोटो खिडकीतल्या टेबलावर मांडले. सातव्यातलं वाऱ्याने झोपलेलं गवत बघून मला हातच लावावासा वाटला, लोकरीवर लावतात तसा. चौथ्यातल्या पायवाटेवर कुणी नाही, पण आत्ताच कुणीतरी वळून गेलंय. हे तुम्ही कसं केलंत? मला साध्या काळ्या धाग्यात आठ काळे ओळखता येतात, पण तुमच्या अकराव्या फोटोतल्या ढगात किती राखाडी आहेत ते मोजता मोजता मी हरले. मी सहसा हरत नाही.

एक विचारते. एकाही फोटोत माणूस नाही. तुम्हाला माणसं आवडत नाहीत का?

नऊ नंबरला जरा काम निघालंय. ते माझं मी बघते.

तुमचे बंधुराज बरे आहेत. दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतात आणि घरी आले की दोन जिने चढताना कुरकुरतात.

तुमची
सुई


११ सप्टेंबर

सुईबाई,

तुझं पत्र दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीबाहेर उभी राहून वाचलं आणि मोठ्यांदा हसले. आत टेबलावर झोपलेले गृहस्थ विचारायला लागले, "माझ्या बरगडीत हसण्यासारखं काही आहे का?"

माणसं आवडत नाहीत असं नाही गं. दिवसभर माणसंच तर बघते, तीही आतून. आज सोळा छात्या, नऊ गुडघे आणि नाणं गिळलेलं एक पोर. प्रत्येकाला सांगायचं, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा. डोंगराला यातलं काही सांगावं लागत नाही. तिथे हे सगळं मी स्वतःला सांगते.

नऊ नंबरला काम निघालं म्हणतेस, म्हणजे कागद वळला असणार. जाड कागद आहे तो, सांभाळून दाब दे. आणि आता त्याच्याबद्दल तुला सांगतेच. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या नवऱ्यालाही नाही.

तो कडा तुमच्या गावापासून बसने चार तासांवर आहे. वर तळं आहे. पावसाळ्यात त्याचं पाणी कड्यावरून खाली उडी घेतं, पण खाली पोचत नाही. दरीतून इतका वारा येतो की पाणी अर्ध्यातच उधळून परत वर जातं. नुसतं धुकं दिसतं. गावातली जुनी माणसं म्हणतात, कधीतरी वारा पडतो आणि पाच-दहा मिनिटं ते पाणी सरळ तळापर्यंत येतं. एकच बारीक धार. मी पाच पावसाळे गेले. चार वेळा रिकाम्या हाताने आले. पाचव्या खेपेला वारा पडला. माझ्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. स्वतःलाच म्हटलं, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका.

ते आलं, सुईबाई. वरच्या काठापासून खालच्या दगडापर्यंत, केसाएवढी पांढरी रेघ. बाकीचे अकरा फोटो चांगले असतील-नसतील. हा एकच मी काढला असं मला वाटतं. भिंतीवर लावायला हो म्हणाले तीही याच्यासाठी.

तुझी नजर मला माहीत आहे. तो उजेडात धर आणि तुला काय दिसतं ते लिही. माझी भीड ठेवू नकोस. तू कधी ठेवतेस म्हणा.

ताई


१६ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळालं. नऊ नंबर चांगला आहे. सगळेच फोटो चांगले आहेत. सात फोटोंना कापड लावून झालं. भिंतीला पांढऱ्याचा एक हात झाला, दुसरा उद्या. इकडे सगळे ठीक. तुम्ही तब्येतीला जपा.

सुई


२० सप्टेंबर

सुईबाई,

"चांगला आहे"?

माझ्या भावाने लग्नानंतर पहिल्यांदा तुला साडी आणली तेव्हा तू म्हणालीस, "काठ उसवलेला आहे, परत करा." मी नवीन घर घेतलं तेव्हा म्हणालीस, "मोरी लहान आहे." तू एखाद्या वस्तूला नुसतं चांगलं म्हटलेलं मी बावीस वर्षांत ऐकलेलं नाही. आणि तब्येतीला जपा? तू मला?

मला कळलं. तुला त्यात काही दिसलं नाही. ती रेघ माझ्याच डोळ्यांत आहे, कागदावर नाही. पाच वर्षं वाट बघितली की माणसाला काहीही दिसतं. तू माझं मन राखलंस. तूसुद्धा राखलंस म्हणजे गोष्ट फारच वाईट असणार.

तर ऐक. भिंत नको. ग्रंथपालांना मी या आठवड्यात नको म्हणून कळवते. फोटो परत पाठव, घाई नाही. ते जिथे होते तिथेच, पलंगाखालच्या पेटीत, बरे होते. तुझ्यावर राग नाही.

ताई


२५ सप्टेंबर

ताई,

हे पत्र बसून वाचा.

तुम्ही कशातलं काहीही समजून बसलात. चूक तुमच्या फोटोची नाही, माझी आहे. तुमची धार मी बुजवली.

पाकीट आलं त्याच दिवशी मला नऊ नंबरवर ती रेघ दिसली. काळ्या कड्यावर वरपासून खालपर्यंत पांढरी, सरळ. मला वाटलं ओरखडा. कुणाचं तरी नख लागलं असेल, नाहीतर तुम्ही फोटो धुता त्या अंधाऱ्या न्हाणीघरात काही घासलं असेल. मग मी जे करते ते केलं. दौतीतली शाई पाण्यात कमी-जास्त पातळ करून पाच वाट्यांत पाच राखाडी केले. सगळ्यात बारीक ब्रशाचे केस कापून तीनच ठेवले. आणि शेजारच्या दगडाचा पोत बघून ठिपका ठिपका भरत गेले. चार दुपारी लागल्या. शेवटी भिंग लावून मलाच माझं काम सापडेना. खोटं कशाला बोलू, मी खूश होते. असं काम हातून फार थोड्या वेळा होतं.

तुम्हाला विचारलं का नाही? आमच्या कामात विचारत नाहीत. मी रफू जिच्याकडे शिकले तिने पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं. कपडा देणाऱ्याला भोक दाखवू नकोस, त्याला आधीच लाज वाटत असते. घडी घालून दे आणि दुसरंच काहीतरी बोल. तीस वर्षं तेच करतेय. तुमच्या फोटोलाही तसंच केलं, आणि तुम्हाला गवताचं कौतुक लिहिलं.

मग तुमचं पत्र आलं. पाच पावसाळे, एक धार. मी कात्री हातात घेऊन तशीच बसून राहिले. गिऱ्हाईक विचारत होतं, "बाई, माझा कोट?" मी त्याला हाकललं.

खरं लिहायची छाती झाली नाही. तुमच्या घरात मी आले तेव्हा सगळे म्हणायचे, चौथी शिकलेली, चिंध्या सांधणारी. तुम्ही एकट्या माझ्या दुकानात येऊन टेबलाशी बसलात आणि म्हणालात, मला दाखव कसं करतेस. त्या तुम्हाला हे कसं सांगू, म्हणून ते "चांगला आहे" असं बुळबुळीत पत्र लिहिलं. त्याने काय झालं ते तुमच्या पत्रातून कळलंच.

तुमचं पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि पहाटेच्या बसने तो कडा बघायला गेले. म्हटलं, बघू तरी मी काय बुजवलंय ते. कंडक्टर म्हणाला, "तिकडे काही नाही बघायला." म्हटलं, "तुम्ही बघितलंय?" म्हणाला, "रोज जातो की." म्हटलं, "मग तिकीट फाडा."

बस सोडल्यावर पाऊण तास चिखलातून चाल. माझी एक चप्पल तिथेच राहिली, ती आता तुमच्या डोंगराची. वाटेत गवत कापणारी एक बाई भेटली. तिला तुमचं वर्णन सांगितल्याबरोबर म्हणाली, "ती कॅमेऱ्यावाली? ती त्या चपट्या दगडावर बसते. मागे दोन दिवस पावसात बसली होती. छत्री कॅमेऱ्यावर, आपण भिजतेय. तुम्ही तिच्या कोण?" मी म्हटलं, भावजय. म्हणाली, "मग सांगा की तिला, घरात कुणी आहे का नाही सांगणारं?"

त्या दगडावर मी साडेतीन तास बसले. ताई, मला दूध उतू जाईपर्यंत थांबवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या तासात मी उठून तीनदा बसले. वाऱ्याला शिव्या दिल्या. खाली जायला निघाले आणि परत आले. समोर नुसतं धुकं वर उडत होतं. पाणी खाली आलंच नाही. शेवटच्या बसची वेळ झाली आणि मी एका पायात चप्पल घालून रडकुंडीला येऊन उतरले. आणि तुम्ही हे पाच वर्षं केलंत. दोन-दोन दिवस. एकट्या. घरी येऊन एक शब्द न बोलता. आम्ही म्हणायचो खूळ. ज्याला एवढं थांबता येतं त्याला खूळ म्हणणारे आम्ही कोण?

नऊ नंबरला कापड लावलेलं नाही. तसाच पातळ कागदाच्या घडीत ठेवलाय. तुम्ही नवीन काढू शकता का? मूळ फिल्म असेल ना तुमच्याकडे? नसेल तर काय करायचं ते सांगा. मला शिव्या द्यायच्या असतील तर आधी त्या द्या, मग सांगा.

ग्रंथपालांकडे मी जाऊन आले. ताईंचं पत्र येईल, ते फोडायचं नाही, असं बजावलंय. ते म्हणाले, "असं कसं?" म्हटलं, "असंच."

सुई


४ ऑक्टोबर

सुईबाई,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस टेबलावर पालथं घालून ठेवलं. पहिल्या दिवशी खूप राग आला होता. एका बाईचा हात वाकडाच ठेवून एक्स-रे काढला, परत काढावा लागला. असं माझ्याकडून होत नाही.

दुसऱ्या दिवशी फिल्म शोधली. फिल्म आहे, पण धारेच्या खालच्या टोकाशी तिला बुरशी धरली आहे. यंदाच्या ओलीने. त्यावरून आता धड फोटो निघणार नाही. तुझ्याकडे आहे तो एकच.

म्हणून नीट वाच. शाई दौतीतली होती म्हणतेस, पक्की नव्हती ना? मग ती पाण्यात निघेल. मोठी परात घे, स्वच्छ पाणी, कोमटसुद्धा नको. फोटो वर तोंड करून बुडव. परात एका बाजूने हळू उचलायची आणि सोडायची, पाणी त्याच्यावरून जात-येत राहिलं पाहिजे. पाणी काळपट झालं की बदल. चोळायचं नाही. कापूस नाही, बोट नाही, तुझा तीन केसांचा ब्रश नाही. तास लागेल, दोन लागतील. तुला नुसतं थांबायचं आहे. तेवढं एकच तुला जमत नाही हे मला ठाऊक आहे, पण तिथे मी नाही, तूच आहेस. निघाला की टीपकागदावर सुकव.

आता दुसरं. हा फोटो मी तीन जणांना दाखवला होता. आमचे डॉक्टर म्हणाले, वा, केवढा कडा. शेजारीण म्हणाली, फार काळा आलाय. तुझ्या नवऱ्याने बघितला आणि विचारलं, जेवायला काय आहे? ती रेघ तिघांपैकी कुणालाच दिसली नाही. तुला पहिल्या दिवशी दिसली. चुकीची दिसली, पण दिसली. तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचताना हे माझ्या ध्यानात आलं, आणि मग मी ते उलटं करून सरळ ठेवलं.

शाई नाहीच निघाली तर मला कळवू नकोस. भिंतीवर अकराच लाव. निघाली तर बारा लाव. मी येणार नाही. लोक बघत असताना मला तिथे उभं राहवणार नाही. तू राहा.

ताई


११ ऑक्टोबर

ताई,

बारा लावले.

आता सगळं सांगते. परवा तुमच्या बंधुराजांना म्हटलं, आज घरात कुणी हाक मारायची नाही. परात खिडकीपाशी ठेवली आणि बसले. उचल, सोड, उचल, सोड. अर्धा तास काहीच नाही. हात शिवशिवायला लागले. एका कोपऱ्यात नख लावून बघावं असं फार वाटलं. मग दोन्ही हात परातीच्या कडेला धरूनच ठेवले. पाऊण तासाने पाणी राखाडी झालं. मी चार दुपारी भरलेले ठिपके एकेक करून सुटायला लागले. इतकं सुरेख काम स्वतःच्या डोळ्यांसमोर वाहून जाताना बघायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगत नाही. तिसरं पाणी घातलं, आणि धार आली. आधी वर, काठापाशी. मग थांबली. मला वाटलं, एवढीच. मग हळूहळू खाली उतरली, पार दगडापर्यंत. ताई, मी त्या कड्यासमोर साडेतीन तास बसले तेव्हा जी आली नाही ती माझ्या परातीत आली. तुमचे बंधुराज दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "हे पाणी आहे होय?" आणि ते नंतर जेवायचं विसरले.

काल सकाळी भिंतीवर लावले. भिंत पांढरी झालीये, पण जिन्याच्या बाजूला रंगाऱ्याने ओघळ ठेवलेत, त्याला मी बोलले. दुपारपर्यंत बरीच माणसं आली. गवताशी थांबत होती. ढगाशी एक शिक्षिका इतका वेळ थांबली की तिच्या पिशवीतलं पुस्तक पडलं तरी तिला कळलं नाही. आणि नऊ नंबरशी येऊन पहिले चार जण काय म्हणाले माहीत आहे? "अरेरे, फोटोवर ओरखडा पडलाय." एकाने तर मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, जणू माझाच पदर फाटलाय.

मी प्रत्येकाला म्हटलं, "पाणी आहे ते. नीट बघा." ते "हो का" म्हणायचे आणि पुढे जायचे. उभ्या माणसाला ते दिसतच नाही, ताई. उभा माणूस निघालेलाच असतो. मग मी वाचनालयाच्या आतून एक स्टूल ओढत आणलं. आवाज झाला, ग्रंथपाल धावत आले, मी लक्ष दिलं नाही. स्टूल नऊ नंबरसमोर ठेवलं. म्हटलं, आता जो ओरखडा म्हणेल त्याने इथे बसायचं.

पहिला बसला तो लोहाराच्या कामाचा माणूस होता, हातावर भाजल्याच्या खुणा. दोन मिनिटं नुसता बघत राहिला, मग पुढे वाकला. म्हणाला, "खाली पोचतंय." म्हटलं, हो. म्हणाला, "वारा नाही तिथे." हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

मग रांगच लागली. शिक्षिका परत आली. बसलेलं माणूस लवकर उठेना, मागचे कुरकुरायला लागले, जिना अडला. मी सगळ्यांना सांगितलं की हा फोटो काढायला पाच वर्षं लागली, तुम्हाला पाच मिनिटं थांबायला काय होतंय? आणि हेही सांगितलं की मी तो ओरखडा समजून बुजवला होता आणि मग धुवून काढला. काही जण हसले. हसू देत.

आज सकाळी ग्रंथपाल आले आणि त्यांच्या त्या पुटपुटण्यात म्हणाले, स्टूल हलवायला हवं, गर्दी होते, वाचकांना त्रास होतो. मी म्हटलं, "हलवते. आधी तुम्ही बसा."

ते अजून बसलेत. हे पत्र मी उभ्याने लिहितेय, कारण स्टूल एकच आहे.

सुई